पुसलेला सातवा प्रश्न

मित्रांनो, मी कधीकाळी पांढराशुभ्र होतो, हे आज माझ्याकडे पाहून तुम्हाला खरे वाटणार नाही. मी एक जुना फळा आहे. शाळेतला खडूचा नव्हे, शाईच्या पेनाने लिहायचा, गुळगुळीत, चाकांच्या घोडीवर बसवलेला. एक चाक केव्हाच निखळले, म्हणून हल्ली मी पाण्याच्या रिकाम्या कॅनना टेकून तिरका उभा असतो, तोंड भिंतीकडे करून. कोणी मुद्दाम तसे केलेले नाही. ठेवताना तसा ठेवला गेलो आणि फिरवायला पुन्हा कोणी आले नाही. आता काही दिसत नाही. ऐकू मात्र सगळे येते.

माझी गोष्ट फारशी मजेची नाही, हे आधीच सांगतो. मागाहून तक्रार नको.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. पत्र्यावर पांढरा लेप चढवला, भट्टीत भाजला, चारी कडांना पट्ट्या मारल्या, झाला फळा तयार. लेप जरा हलका होता. चांगल्या फळ्यावरचे लिखाण पुसले की जाते. माझ्यावरचे पुसले तरी पुसटसे मागे उरते आणि तिरका उजेड पडला की दिसते. लोक याला माझा दोष म्हणत आले. मी त्याला स्वभाव म्हणतो. माणसे विसरून गेलेल्या कितीतरी गोष्टी मला पाठ आहेत, त्या या स्वभावामुळेच.

कारखान्यातून मी आलो तो थेट एका चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर. जिन्याच्या वळणावर माझा कोपरा आपटला, तो पोचा अजून आहे. माडीवर दोन खोल्या होत्या आणि तिथे मोबाईलची ॲप्स बनवण्याचे काम चाले. मालकांना सगळे दादा म्हणत, त्यांच्या वडिलांच्या वयाचा पहारेकरीसुद्धा. दादा मनाने चांगले होते, पण भारी उत्साही. एखादी कल्पना डोक्यात शिरली की त्यांना ती कालच पूर्ण झालेली हवी असे. प्रोग्राम लिहिणारा एक हुशार गडी होता. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच, "होईल!" म्हणून त्याचे नाव पडले होईलराव. आणि तिसरी होती शंकाताई.

हे नाव होईलरावनेच ठेवले होते. ॲप बनवायला घेण्याआधी त्याची आखणी करणे हे तिचे काम. ते कोण वापरणार, कशासाठी, कुठे अडेल, अडले तर काय करायचे, हे सगळे ती आधी माझ्यावर लिहून काढी. "आधी कागदावर चुकूया," ती म्हणायची, "लोकांच्या हातात गेल्यावर चुकलो तर महागात पडेल." कागदावर म्हणायची, पण लिहायची माझ्यावर. मला त्याचा केवढा अभिमान!

एकदा पोहण्याच्या तलावासाठी ॲप करायचे होते. आत शिरताना फोनवर बटण दाबायचे, की हजेरी लागणार. सगळे खुशीत होते. शंकाताई म्हणाली, "बाहेर पडतानाही दाबायचंय ना? मग ओल्या बोटांनी हे चालणार का?" होईलराव उठला, बेसिनवर बोटे भिजवून आला आणि फोनवर टकटक करत बसला. फोन ढिम्म. सगळा बेत तिथल्या तिथे बदलला. दादा इतके खूश झाले की त्यांनी जोरात थाप मारली, ती माझ्या पाठीवर. खरे तर ती तिच्या वाट्याची होती. पण शाबासकी अशीच भलत्याच्या पाठीवर पडते, हे मी पुढे पुष्कळदा पाहिले.

रोज सकाळी बरोबर नऊला शंकाताई माझ्यासमोर उभी राहून आपल्या आत्याला फोन करायची. तिची आई लवकर गेली, तेव्हापासून आत्यानेच तिला वाढवले होते. आत्या आता पंचाहत्तरीच्या पुढची, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहणारी, बोलायला खमकी. "उठलीस? गोळी घेतलीस?" इकडून विचारले की तिकडून इतक्या मोठ्याने उत्तर येई की मलाही ऐकू यावे, "मेले नाही अजून. ठेव फोन, दूध उतू जातंय." दोन मिनिटांचे बोलणे. त्याखेरीज शंकाताईच्या दिवसाला सुरुवात नसे.

म्हणूनच ते नवे काम आले तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची एक संघटना होती. त्यांना असे ॲप हवे होते, की रोज सकाळी नऊला म्हाताऱ्या माणसाने फोनवर 'मी ठीक आहे' असे बटण दाबायचे. दाबले की त्याच्या माणसाच्या फोनवर हिरवी खूण उमटणार. अर्ध्या तासात दाबले नाही तर लाल खूण येणार आणि घंटा वाजणार.

"हे मी आत्यासाठी करतेय असं समजा," ती म्हणाली. "यात मला एकही भोक नकोय."

त्या दिवशी तिने माझ्या डाव्या अर्ध्या भागावर नऊ प्रश्न लिहिले. हे वापरणाऱ्यांचे हात थरथरतात का, त्यांना बारीक अक्षर दिसते का, हा पहिला. मग त्यांच्याकडचे फोन किती जुने असतात, हा. बटण दाबायला विसरले तर, लाल खूण पाहणारा माणूस प्रवासात असला तर, त्याचा नंबरच बदललेला असला तर. माहिती कोणाकडे राहणार, दुसरे कोण ती पाहू शकणार. सातवा प्रश्न सगळ्यांत लहान होता, 'फोनच बंद पडला तर आपल्याला कळणार कसं?' मग आधी थोड्या लोकांवर किती दिवस करून बघायचे, आणि शेवटचा, एकदा चालू झाल्यावर रोज लक्ष कोण ठेवणार. खाली चौकट करून तिने लिहिले, 'पुसू नये.' एवढी गंभीर जबाबदारी माझ्यावर आधी कोणी टाकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादा संघटनेच्या लोकांना भेटून धावतच जिना चढले. "त्यांचं मोठं संमेलन आहे. तिथेच आपलं ॲप सगळ्यांसमोर सुरू करायचं. मी शब्द देऊन आलोय!" टेबलावरचे पेन उचलून त्यांनी माझ्या उजव्या अर्ध्या भागावर हातभर मोठ्या अक्षरांत तारीख लिहिली. ती सात आठवड्यांनंतरची होती.

पेन चुकीचे होते. खोक्यांवर पत्ते लिहायचे, पक्क्या शाईचे.

मग काय विचारता! होईलरावने ओला रुमाल घासला, कोणी स्पिरिट आणले, कोणी नखांचा रंग काढायचे पाणी. माझी कातडी सोलवटून निघाली, पण तारीख जागची हलेना. शेवटी दादाच हसत सुटले. "नाही पुसत ना? मग तारीखही हलणार नाही. शकुनच आहे हा!" सगळे हसले. शंकाताईही हसली, पण जरा उशिरा.

मित्रांनो, खरी गोष्ट सांगू? पक्क्या शाईवर साधे पेन गिरवायचे आणि ओले आहे तोवर पुसायचे, दोन्ही शाया एकदम निघतात. आमच्या जातीतल्या प्रत्येक फळ्याला हे ठाऊक असते. पण फळ्याला विचारतो कोण! न पुसणारी तारीख म्हणता म्हणता ती न बदलणारी तारीख झाली, आणि सगळे तिच्याकडे बघून कामाला लागले.

मग डाव्या बाजूचे प्रश्न एकेक करून आखडू लागले. महिनाभर वीस जणांवर करून बघायचे ठरले होते, त्याचे आठवडाभर चार जण झाले. जुन्या फोनांचा प्रश्न "लोक आता नवे फोन घेतात" या एका वाक्यावर निकालात निघाला. नंबर बदलल्याचे "पुढच्या आवृत्तीत बघू." शंकाताई हरकत घ्यायची, तेव्हा होईलराव हात जोडून म्हणायचा, "ताई, शंकेला औषध नाही, पण संमेलनाला तारीख आहे." सगळे पुन्हा हसायचे. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. पण रोज रोज हसू झाले की माणूस शब्द गिळायला शिकतो. माझ्यासमोर पेन उघडून ती थांबायची आणि टोपण परत लावायची, असे मी कितीदा तरी पाहिले.

करून बघणाऱ्या चौघांत आत्याही होती. एके दिवशी ती स्वतः माडीवर आली. जिना चढून धाप लागली होती, तरी पहिले वाक्य ठणठणीत, "कुठंय तो तुमचा यंत्रातला पहारेकरी?" तिने उभी हयात टंकलेखन शिकवण्यात घालवली होती. फोन तिने मांडीवर घेतला आणि बटणावर बोट असे आदळले, की होईलराव दचकला. फोनने काही दाद दिली नाही. तिची बोटे कोरडी पडली होती, काचेला ती लागतच नव्हती.

"हळू दाबा, आत्या," दादा म्हणाले. "नुसता स्पर्श करा."

"अरे, पण दाबलं गेलं हे मला कळणार कसं? खटका नाही, आवाज नाही. आमच्या यंत्रावर अक्षर उमटलं की कानाला कळायचं."

"तुम्हाला कळायची गरजच नाही. ताईंच्या फोनवर हिरवं दिसेल ना."

आत्याने त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिले. "म्हणजे मी ठीक आहे की नाही हे मी सोडून सगळ्यांना कळणार. बरं आहे!"

सगळे खो-खो हसले. शंकाताईने मात्र तेवढे करून घेतले. बटण मोठे झाले, बोट ओलसर करायची सूचना आली, दाबल्यावर 'टक' असा आवाजही आला. आत्या खूश झाली. जाताना तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "या बिचाऱ्याच्या अंगावर एवढी मोठी तारीख कशाला गोंदलीय?" मला बिचारा म्हणणारी ती पहिली आणि शेवटची.

पण त्या आठवड्यात एक वेगळीच पंचाईत झाली. आत्या तीनदा फोन चार्ज करायला विसरली. फोन बंद, म्हणजे बटण दाबले गेले नाही, म्हणजे लाल खूण आणि घंटा. शंकाताई हातातले काम टाकून तिन्ही वेळा शहराच्या दुसऱ्या टोकाला धावली. तिन्ही वेळा आत्याने दार उघडून म्हटले, "काय गं, मेले की काय ते बघायला आलीस?" बाकीच्या तिघांच्या मुलांनीही दादांकडे कुरकुर केली. उगाच घंटा वाजते, काम सोडून पळावे लागते, जीव खालीवर होतो. आणि संमेलन सहा दिवसांवर आले होते.

"सोपं आहे," होईलराव म्हणाला. "फोन चालू असून बटण दाबलं नाही, तरच लाल. फोन बंद असेल तर कालची हिरवी खूण तशीच ठेवू. उगाच कोणी घाबरायला नको."

शंकाताई माझ्यासमोर उभी होती. सातवा प्रश्न तिच्या डोळ्यांसमोर होता. "पण फोन बंद असतानाच काही झालं तर?"

"फोन बंद पडायला आणि नेमकं काही व्हायला एकच वेळ कशी येईल?" दादा म्हणाले. "ताई, तूच या आठवड्यात तीनदा पळालीस. सांग, एकदा तरी खरं होतं का?"

नव्हते. ती दमली होती. तिन्ही वेळची धावपळ तिच्या पायांत होती, आणि तिचे नाव शंकाताई होते. मित्रांनो, तिने तेव्हा एकदा 'नाही' म्हटले असते तर दादांनी ऐकले असते, मी त्यांना ओळखतो. पण ती म्हणाली, "बरं. आत्तापुरतं चालेल. नंतर बघू."

आणि फडके शोधायचाही कंटाळा येऊन तिने सातवा प्रश्न आपल्या तळहाताने पुसला. तिच्या हाताची ऊब मला लागली. मला ओरडावेसे वाटले. पत्रा ओरडत नाही.

संमेलन थाटात पार पडले. टाळ्या झाल्या, सत्कार झाला. माझ्यापुढे सगळ्यांना उभे करून फोटो काढला, तो वर्तमानपत्रात छापून आला. नवी कामे येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर एक काचेचा फळा आला, आरपार दिसणारा, कशाचाही डाग न धरणारा. मला मागच्या खोलीत नेताना चाक निखळले. तेव्हापासून मी या कॅनांच्या सोबतीला.

मागच्या खोलीचे दार उघडेच असायचे, म्हणून पुढचे बोलणे कानावर यायचे. नऊचा फोन मात्र ऐकू येईनासा झाला. तो एकदम नाही थांबला. आधी एक दिवसाआड झाला, मग आठवड्यातून दोनदा. हिरवी खूण दिसली की शंकाताई फोन खाली ठेवायची. आत्या ठीक आहे हे कळले, मग विचारायचे काय? आणि कामाचा तर डोंगर झालेला. जे ॲप तिने आत्याच्या काळजीपोटी केले, त्यानेच तिची काळजी करण्याची सवय मोडली. तिला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण झाले ते हेच.

एका शुक्रवारी सकाळी आत्याने बटण दाबले. टक. हिरवी खूण आली. दुपारी फोनची बॅटरी संपत आलेली पाहून ती चार्जर घ्यायला उठली आणि पलंग व कपाट यांच्यामध्ये पडली. खुब्याचे हाड मोडले. फोन हातातून निसटून कपाटाखाली गेला आणि थोड्या वेळाने बंद पडला. शनिवारी नऊला शंकाताईच्या फोनवर हिरवी खूण होती. रविवारी नऊलाही हिरवी. रविवारी दुपारी ती आत्याचा चष्मा घेऊन गेली, खालच्या दुकानातून नव्या काचा घालून घेतलेला. दार कोणी उघडेना, तेव्हा जवळच्या किल्लीने तिने उघडले. म्हणजे तेव्हासुद्धा ती काळजीने गेली नव्हती, चष्मा द्यायला गेली होती.

मंगळवारी ती माडीवर आली आणि दोन वाक्यांत तिने हे सांगितले.

"कोणाला वाटलं होतं असं होईल म्हणून!" दादा म्हणाले.

"मला वाटलं होतं, दादा. मी लिहिलं होतं. आणि पुसलंही मीच."

होईलरावची टेबलाजवळची खुर्ची सरकली. फोन बंद असेल तर हिरवी खूण काढून टाकायची आणि लाल दाखवायची, एवढाच बदल. बराच वेळ की-बोर्डचा आवाज आला. मग तो म्हणाला, "झालं." मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखा, "वीस मिनिटं लागली." त्यानंतर कोणीही काहीही विचारले, तरी त्याच्या तोंडून 'होईल' हा शब्द मी ऐकला नाही.

ॲप आजही चालते. आता फोन बंद पडला की लाल खूण येते. त्यामुळे कुठेतरी कुणाचा जीव वाचलाही असेल. चांगलेच आहे. पण मला त्याने बरे वाटत नाही आणि वाटते असे मी खोटे सांगणार नाही.

आत्याचे घर आवरून टाकले. ती आता शुश्रूषागृहात असते, उठता येत नाही. हाड जुळले, पण डोके त्या दोन दिवसांतून बाहेर आलेच नाही. शंकाताई दर रविवारी तिला भेटायला जाते, रात्री जमेल तेव्हा जाते. आणि रोज सकाळी नऊला ती इथे, मागच्या खोलीत, दार लावून माझ्या पाठीशी उभी राहून फोन करते. तिकडची परिचारिका आत्याच्या कानाशी फोन धरते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या गोष्टीचा शेवट एखाद्या उपदेशाने व्हावा अशी रीत आहे. तो असा. मोठेपणी तुम्ही काहीही बनवाल, पूल बनवाल, औषध बनवाल, असेच एखादे ॲप बनवाल. काम हातात घेण्याआधी जी शंका मनात येईल ती लिहा. लोक हसले तरी लिहा. आणि उत्तर मिळेपर्यंत तिला कोणालाही हात लावू देऊ नका, स्वतःलाही नाही. हे सगळे शंकाताईला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. म्हणून उपदेशाचा उपयोग किती होतो, याबद्दल मी फारशी आशा धरत नाही. तरी सांगितले. दुसरे माझ्या हातात काय आहे?

आज सकाळीही नऊला फोन लागला.

"आत्या, मी बोलतेय. बरी आहेस ना?"

तिकडून आवाज यायला वेळ लागला. पूर्वीसारखा मोठा आवाज आता नाही, पण खोली एवढी लहान आणि गप्प आहे की मला तो ऐकू आला.

"अगं, मी पडलेय गं इथे. कधीची हाका मारतेय. येतेस ना?"

"आले आत्या," शंकाताई म्हणाली. "निघालेच."